पहिल्या पानावरचे जाळीवाले

मुंबईत चारकोपच्या सेक्टर ८ मधल्या मच्छरजाळीवाल्या काकांना ऐन जेवणाच्या वेळी फोन आला. पलीकडे गोड आवाज. "सर, तुमची वेबसाइट बघितली. गूगलवर तुम्ही कुठेच दिसत नाही."

काकांनी घास गिळला. "मग माझा नंबर कुठून मिळाला?"

"गूगलवरूनच, सर."

खरं तर फोन तिथेच ठेवायचा. पण धंद्याची वेबसाइट काढलेल्या माणसाचा जीव टांगणीला लागलेला असतो. भाच्याने वेबसाइट बनवून दिली, पेढे वाटून झाले, आणि पाठोपाठ एसईओवाल्यांची रीघ लागली. एसईओ म्हणजे सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन. लोक गूगलवर शोधतील तेव्हा आपलं दुकान वर दिसावं यासाठी केलेली खटपट. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, नोंदवताना दिलेला मोबाइल नंबर उघडा राहिला, की तो कुणाकुणाच्या यादीत जाऊन बसेल ते सांगता येत नाही.

पहिला गडी लॅपटॉप घेऊन घरीच आला. त्याने काकूंचा चहा घेतला आणि पहिल्या पानावर पहिल्या नंबराची लेखी गॅरंटी दिली. नमुना म्हणून 'चारकोप सेक्टर ८ अॅल्युमिनियम फ्रेम मच्छरजाळी स्वस्त दरात घरपोच' असं टाइप करून दाखवलं. खरंच, काका पहिले! काकूंनी विचारलं, "पण असं शोधतं कोण?" त्यावर त्याने दुसरं बिस्किट उचललं.

गंमत म्हणजे काकांच्या स्वतःच्या मोबाइलवर ते एरवीही बरेच वर दिसायचे. रोज सकाळी देवदर्शनासारखी ते आपलीच वेबसाइट उघडत. आपण कुठून शोधतो आणि आधी काय शोधलंय, हे बघून गूगल उत्तरं थोडी इकडची तिकडे करतं. काकूंच्या बहिणीने बोरिवलीहून शोधलं, तेव्हा काका तिसऱ्या पानावर निघाले.

गॅरंटीबद्दल खुद्द गूगलचं म्हणणं वेबसाइटवाल्यांसाठीच्या त्याच्या मार्गदर्शिकेत साध्या शब्दांत आहे: पहिल्या नंबराची हमी कुणीच देऊ शकत नाही. केलेल्या कामाचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते वर्ष जातं, असंही गूगल सांगतं. गणपतीपर्यंत नंबर एक करून देतो म्हणणाऱ्याला ही मार्गदर्शिका दाखवली, की त्याला अचानक दुसरी मीटिंग आठवते.

दुसरी कंपनी दर महिन्याला ५०० बॅकलिंक देणार होती. म्हणजे इतरांच्या वेबसाइटवरून काकांच्या वेबसाइटकडे बोट दाखवणारे दुवे. कुणाच्या वेबसाइटवरून, हे मात्र गुलदस्त्यात. अशा आडवाटांनी गेलेल्या मोठमोठ्यांचं काय झालं ते जगजाहीर आहे. २००६ च्या फेब्रुवारीत बीएमडब्ल्यूची जर्मन वेबसाइट गूगलने यादीतून काढूनच टाकली. गूगलला दाखवायची पानं वेगळी आणि गिऱ्हाइकाला दाखवायची वेगळी, असा मामला होता. २०११ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या जेसी पेनी या दुकानसाखळीचं बिंग न्यूयॉर्क टाइम्सने फोडलं. कपड्यांपासून गालिच्यांपर्यंत काहीही शोधा, हे वर. कारण भलत्याच वेबसाइटवर पेरलेले हजारो दुवे. गूगलने त्यांना खाली ढकललं. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं, असं म्हणत दुकानाने आपल्या एसईओ कंपनीला नारळ दिला. २०१२ च्या जानेवारीत तर पैसे देऊन लिहवून घेतलेल्या लेखांतला दुवा सापडल्यावर गूगलने स्वतःच्याच क्रोमच्या पानाला शिक्षा केली. तिथे चारकोपच्या जाळीवाल्याला कोण सोडतो!

शिवाय काकांना जग जिंकायचंच नव्हतं. गोराईपासून मालाडपर्यंतच्या खिडक्या मिळाल्या तरी दोन कारागिरांना उसंत मिळणार नाही. फक्त दुकान लोकांना सापडायला हवं. चारकोप म्हणजे १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने आखलेली वसाहत. सेक्टर, आरएससी रोड, प्लॉट नंबर, सगळं आकड्यांत शिस्तीने मांडलेलं, तरी पार्सलवाला कोपऱ्यावरून फोन करतोच, "काका, नेमकं कुठे?" २०२२ च्या गुढीपाडव्याला मेट्रो सुरू झाल्यापासून डहाणूकरवाडी स्टेशनची खूण तरी सांगता येते.

तिसऱ्या खेपेला आलेल्या मुलीने लॅपटॉप उघडलाच नाही. गिऱ्हाईक कुठून येतं, फोन कोण उचलतं, किती फोनांतून काम मिळतं, हे विचारून घेतलं. मग वेबसाइटवरचा नंबर फिरवून पाहिला. तो भाच्याच्या जुन्या सिमचा होता.

गूगलच्या नकाशावरच्या नोंदीला पैसे पडत नाहीत, हेही तिनेच सांगितलं. तिथे कोण वर दिसणार ते शोधाशी जुळणं, अंतर आणि नावलौकिक या तीन गोष्टींवर ठरतं, आणि पैसे मोजून ती जागा विकत मिळत नाही. ती नोंद तिने काकूंकडूनच भरून घेतली. डोमेन काकांच्या नावावर आणि पासवर्ड काकांच्या वहीत राहील, हे करारात लिहिलं. कंपनी बदलली की वेबसाइटही तिच्याबरोबर जाते, असे किस्से तिने बरेच पाहिले होते. भावात घासाघीस झाली, कारण काकू समोर होत्या.

काम तिलाच मिळालं. काही महिन्यांनी सर्च कन्सोलचा रिपोर्ट आला. लोक काय टाइप करून आपल्या वेबसाइटपर्यंत पोचतात ते गूगल त्यात फुकट दाखवतं. मच्छरजाळीपेक्षा कितीतरी जास्त वेळा लोकांनी शोधली होती कबुतरांची जाळी. काका आता नायलॉनच्या जाळीचे भाव काढताहेत, आणि पहिलं गिऱ्हाईक त्यांना गूगलविनाच मिळालंय. काकू म्हणतात, आधी आपली गॅलरी. पैसे मिळणार नाहीत.