क्रमांकाची उपासना
शोधयंत्राच्या निकालात संकेतस्थळ वर यावे म्हणून होणाऱ्या खटाटोपाला 'एसईओ' म्हणतात आणि त्यातील आद्य विधी म्हणजे 'कीवर्ड मेटा टॅग', अर्थात वाचकाला न दिसणारी शब्दांची यादी, पानाच्या संहितेत भरणे. क्रमवारी लावताना ही यादी आपण पाहतच नाही, असे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले. तरीही श्रद्धाळू ती भरतातच. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवण्याला दंड होऊ लागल्यावर ते शब्द राजरोस उघड्यावर आले, आणि पुरणपोळीची कृती शोधणाऱ्याला 'सोपी पुरणपोळी', 'अस्सल पुरणपोळी' असा जप करणारी, पुरणाहून जाड प्रस्तावना ओलांडणे भाग पडले. मराठीत मात्र वैराग्यच अधिक: युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी पद्धत, १९९१ पासून देवनागरीसह उपलब्ध असताना परिपत्रके छायाचित्रे म्हणून चढवली जातात, आणि दृष्टिहीनांना मजकूर वाचून दाखवणारा 'स्क्रीन रीडर' त्यांपुढे मुका होतो. चित्राचे वर्णन शब्दांत देणाऱ्या 'आल्ट टेक्स्ट'ला पैसे पडत नाहीत; बहुधा म्हणूनच त्याला कोणी किंमत देत नाही.