झाकलेलं रिव्हॉल्व्हर आणि आप्पांचं बजेट

ज्याच्या कमरेला रिव्हॉल्व्हर, त्याला लग्नात पहिल्या रांगेतली खुर्ची, असा आप्पांचा सिद्धान्त आहे. तो त्यांनी अनेक लग्नसराया निरीक्षण करून पक्का केला आहे. तालुक्यातला एक बिल्डर, एक माजी सभापती आणि अलीकडेच पैसा पाहिलेला एक तरुण ठेकेदार, तिघेही परवानाधारक. तिघांनाही फेटा, नारळ आणि स्टेजवरून नाव. आप्पांच्या वाट्याला मात्र कायम एकच वाक्य येतं : “आप्पा, जरा पंगतीकडे बघता का?”

हे आप्पा एका गावाचे नाहीत. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात तालुक्याला किमान एक आप्पा सापडतो. वय पन्नाशीच्या आगेमागे, बाजारपेठेत कृषी सेवा केंद्र, दारात हप्त्यांवरची बोलेरो, मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आणि खतांच्या उधारीची वही ज्ञानेश्वरीपेक्षा जाड. अशा माणसाला एक दिवस वाटतं, आपल्याकडेही एक ‘वस्तू’ असावी. आप्पा तिला वस्तूच म्हणतात. वस्तूसाठी त्यांनी मनात काढून ठेवलेली रक्कम पन्नास हजार रुपये, सगळं धरून. ‘सगळं धरून’ हे दोन शब्द ते मिक्सर घेतानाही वापरतात आणि बोअरवेल मारतानाही.

घरात शस्त्राची परंपरा आहे. आप्पांच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. ती कधीच पोलिसांत जमा झाली. तरीही शहरातल्या शस्त्राच्या दुकानात आप्पांनी पहिला प्रश्न केला तो, “एक्स्चेंज आहे का?” दुकानदाराने चष्म्यावरून बघत उलट विचारलं, “परवाना आहे का?” परवाना नव्हता. आधी भाव कळावा, मग परवान्याचं बघू, असा आप्पांचा क्रम होता. दुकानदाराच्या जगात तो क्रम बरोबर उलटा चालतो.

तोवर आप्पांचा अभ्यास मात्र दांडगा झाला होता. दुपारी गिऱ्हाईक नसताना मोबाइलवर व्हिडिओ बघून त्यांनी ग्लॉक १७ पाठ केलं होतं. ऑस्ट्रियाचं, प्लॅस्टिकच्या बॉडीचं, मॅगझिनमध्ये सतरा गोळ्या. अमेरिकेत माणूस दुकानात जातो, फॉर्म भरतो, संगणकावर त्याची चौकशी होते आणि बऱ्याचदा त्याच दिवशी तो पिस्तूल घेऊन घरी येतो, हे ते खत न्यायला आलेल्या शेतकऱ्यांना युरियाबरोबर समजावून सांगत. तिथे ओहायो राज्यातली हाय-पॉइंट नावाची कंपनी गरिबांसाठी जड, ओबडधोबड, पण चालणारी पिस्तुलं विकते, हेही त्यांना ठाऊक होतं. “तिकडे कष्टकऱ्याचा विचार करतात,” ते म्हणत.

दुकानदाराने एका वाक्यात त्यांना ऑस्ट्रियातून आणि ओहायोतून परत आणलं : “नऊ एमएम प्रतिबंधित बोअर आहे, साहेब.” भारतात सामान्य नागरिकाला हॅन्डगन घ्यायची तर मुख्यतः .३२ आणि त्याहून लहान बोअरची. नऊ एमएम आणि .३८ वगैरे मंडळी सैन्य-पोलिसांसाठी राखीव. त्यांच्यासाठी नागरिकाला थेट केंद्रीय गृहमंत्रालयाचं दार वाजवावं लागतं. आप्पांचं तलाठ्याकडेच काम अडलेलं असतं, त्यामुळे ते दार त्यांनी मनातल्या मनात बंद केलं.

मग जुनं परदेशी पिस्तूल. आप्पांचा अंदाज साधा होता : सेकंड हॅन्ड गाडी स्वस्त, म्हणून सेकंड हॅन्ड पिस्तूलही स्वस्त. पण ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकांसाठी परदेशी शस्त्रांची आयात बंद झाली. त्याआधी आलेली जी पिस्तुलं देशात उरली, तीच एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिली. माल वाढेना, हौशी वाढत गेले, आणि जुन्या वॉल्थर-वेब्लीचे भाव लाखांत गेले. भंगार जितकं जुनं तितकं महाग, हा व्यवहार आप्पांना आयुष्यात पहिल्यांदा दिसला. त्यांनी तो वाक्प्रचारासारखा पाठ केला आणि दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या जुन्या स्प्रे-पंपांचे भाव वाढवून बघितले. कोणी घेतले नाहीत.

राहिला देशी माल, म्हणजे सरकारी कारखान्यांचा. कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर हे भारतीय मध्यमवर्गाचं पिढीजात शस्त्र. सहा गोळ्या, दणकट, वजनदार. २०१४ मध्ये कानपूरनेच ‘निर्भीक’ नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर महिलांसाठी म्हणून आणलं. वजन सुमारे अर्धा किलो, टायटॅनियमचा मिश्रधातू, आणि सोबत दागिन्यांच्या डबीसारखी मरून पेटी. किंमत तेव्हाच १ लाख २२ हजारांच्या पुढे. “पेटी नको, नुसतं द्या,” असं आप्पांनी सुचवून पाहिलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ‘प्रबल’ आलं, पन्नास मीटरपर्यंत मारा करणारं, सुमारे सातशे ग्रॅमचं. उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडील्याला तर ब्रिटिशांच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीच्या नावाचीही रिव्हॉल्व्हर बनू लागली. ज्यांनी एकेकाळी साहेबाच्या कमरेला शस्त्र दिलं ते आता आपल्या गल्लीत आले, याचा आप्पांना अभिमान वाटला. भाव ऐकल्यावर तो टिकला नाही.

आणि मग त्यांना ‘निडर’ सापडलं.

पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीने ‘निर्भीक’नंतर काढलेलं हे .२२ बोअरचं छोटं रिव्हॉल्व्हर. वजन अवघं अडीचशे ग्रॅम. आलं तेव्हा सांगितलेली किंमत पस्तीस हजार. आप्पांनी दुकानातच वही उघडली. पस्तीस हजार हा भाव आजही तसाच आहे असं धरू. त्यावर कर. कराचा दर ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलावर २८ ऐवजी ४० टक्के जीएसटी लागतो. त्याच गटात खासगी विमानं, श्रीमंतांच्या यॉट आणि थंड पेयं आहेत. “विमानाचं समजू शकतो,” आप्पा पुटपुटले, “पण सोडा?” त्यांनी गणित पुरं केलं : एकोणपन्नास हजार. हातात उरले एक हजार. त्यातून घरात ठेवायची पक्की तिजोरी, होल्स्टर, काडतुसं, जिल्ह्याच्या ठिकाणचे हेलपाटे आणि पेढे.

पण पैशांपेक्षा मोठी अडचण वेगळीच निघाली. “बावीस बोअर?” ठेकेदार तरुण कळल्यावर हसला. “आप्पा, ती तर प्रॅक्टिसची.” आप्पांचा चेहरा पडला. त्यांना वस्तू स्वस्त हवी होती, पण स्वस्त दिसायला नको होती. या जातीच्या सगळ्याच गिऱ्हाइकांची गोची हीच असते. मोबाइल, चप्पल आणि पिस्तूल, तिन्ही बाबतींत.

याच बाजारात एका ओळखीच्याने कानाशी येऊन सांगितलं, “उत्तरेकडून कट्टा येतो. तुमच्या बजेटच्या चौथाईत.” आप्पांनी गंभीर होऊन विचारलं, “पक्कं बिल मिळेल?” तो गेला तो परत आला नाही. बरंच झालं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र जवळ बाळगण्याची शिक्षा किमान दोन वर्षं आणि कमाल पाच वर्षं आहे, आणि आप्पांच्या हप्त्यांची मुदतही साधारण तेवढीच असते.

अर्जाची वेळ आली तेव्हा एका वकिलाने त्यांना धीर दिला. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की, अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. आप्पांचा ऊर भरून आला. कायदा आपल्या बाजूने आहे. गरिबाला नाही म्हणायचं नाही, असं १९५९ सालीच ठरलंय. नाही म्हणायचं काम पुढे किंमत आणि जीएसटी करतात, हे वकिलाने फीमध्ये धरलेलं नव्हतं.

अर्ज ऑनलाइन भरायचा, जिल्ह्यात जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे आणि आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्तांकडे. त्यात रकाना आला, शस्त्राची गरज काय? २०१६ च्या नियमांनुसार व्यवसायामुळे जिवाला किंवा मालमत्तेला खरा धोका असणाऱ्याचा विचार होतो. आप्पा विचारात पडले. त्यांना धमकी देणारा कोणीच नव्हता. उधारी मागितली की शेतकरी म्हणत, “आप्पा, पुढच्या हंगामापासून शेजारच्या दुकानातून घेतो.” ही धमकी खरी होती, पण पोलिसांना पटणारी नव्हती. मेव्हण्याने वाटणीवरून “बघून घेईन” म्हटलं होतं. त्याला आप्पांनी विनंती केली की, हेच जरा लिहून दे. मेव्हणा म्हणाला, “मी कोर्टात बघून घेईन असं म्हणालो होतो.” शेवटी रकान्यात ‘रोख रकमेची ने-आण’ एवढंच गेलं. बँकेच्या शाखेचं अंतर दुकानापासून चारशे पावलं होतं, ते लिहायची जागा फॉर्मवर नव्हती.

मग चौकशी. हवालदार घरी येऊन चहा पिऊन गेले. शेजाऱ्यांना विचारलं तेव्हा एक जण म्हणाला, “माणूस चांगला, पण क्रिकेट हरलं की टीव्हीवर धावून जातो.” वैद्यकीय दाखल्यात मानसिक स्वास्थ्याचाही उल्लेख लागतो. डॉक्टरांनी विचारलं, “झोप लागते?” आप्पा म्हणाले, “अर्ज भरेपर्यंत लागत होती.” शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. तिथे पहिला धडा असा की, प्रत्येक शस्त्र भरलेलंच आहे असं समजायचं, नळी कधीही माणसाकडे करायची नाही, आणि नेम धरेपर्यंत बोट चापावर न्यायचं नाही. आप्पांनी चित्रपटात पाहिलेली प्रत्येक गोष्ट या तीन नियमांत बाद झाली.

घरात विरोध होताच. आप्पांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, मोबाइलवर बातमी काढून समोर ठेवली : १ ऑक्टोबर २०२४ च्या सकाळी मुंबईत अभिनेते गोविंदा यांना स्वतःच्याच परवाना असलेल्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली होती. “अहो, ते पडद्यावर आयुष्यभर नाचले, तरी पाय वाचवता आला नाही. तुम्हाला साधी बोलेरो मागे घेता येत नाही.” यावर आप्पांकडे उत्तर नव्हतं. बोलेरोची मागची काच त्याच आठवड्यात बदलली होती.

पण आप्पांचं मन खरं मोडलं ते नियमांची पुढची पानं वाचताना. सार्वजनिक ठिकाणी हॅन्डगन होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेली असली पाहिजे. कुठेही उगारायची नाही, मिरवायची नाही. लग्नात आनंदाने हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. निवडणूक जाहीर झाली की शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, आणि महाराष्ट्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती, झेडपी, विधानसभा, लोकसभा अशी एकही मोसमी पिकाची वेळ रिकामी जात नाही. म्हणजे वस्तू घरात कमी आणि ठाण्यात जास्त. बीड जिल्ह्यात २०२५ च्या सुरुवातीला प्रशासनाने परवान्यांची छाननी केली आणि शंभरावर परवाने रद्द केले. त्या वातावरणात पिस्तुलासह रील टाकणाऱ्या तरुणांवरही गुन्हे नोंदले गेले. एवढं वाचून आप्पांनी चष्मा काढला. “म्हणजे लाखभर घालायचे, आणि कोणाला दाखवायचंच नाही?” त्यांनी वकिलाला विचारलं. वकील म्हणाले, “कायद्याला तेच हवंय.” “मग पहिल्या रांगेतल्या खुर्चीचं काय?” यावर कायद्यात कलम नाही.

या सगळ्यातून आप्पांना बाहेर काढलं पुतण्याने. तो कोल्हापूरला शिकतो. राही सरनोबत याच जिल्ह्याची, २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवणारी, त्यामुळे तिथल्या पोरांना पिस्तूल म्हटलं की आधी रेंज आठवते, लग्न नाही. त्याने सांगितलं की, .१७७ बोअरचं आणि वीस ज्यूलपेक्षा कमी ताकदीचं एअर पिस्तूल घ्यायला परवाना लागत नाही. परदेशी, स्पर्धेचं घेतलं तर ते लाखाच्या पुढे जातं, पण शिकायला देशी चालतं, आणि ते काही हजारांत मिळतं. दहा मीटरवर कागदाचं लक्ष्य, क्लबमध्ये प्रशिक्षक, आणि वर पक्कं बिल.

आप्पांनी ते घेतलं. आता ते रविवारी बोलेरो घेऊन रेंजवर जातात. पहिल्या दिवशी शेजारच्या नवव्या इयत्तेतल्या मुलीने दहाचा गोल फोडला. आप्पांचा छर्रा कुठे गेला, ते प्रशिक्षकांनाही सांगता आलं नाही. तालुक्यात मात्र “आप्पा शूटिंगला जातात” एवढंच पसरलं आणि परवाच्या लग्नात त्यांना दुसऱ्या रांगेत खुर्ची मिळाली. परवान्याचा अर्ज अजून प्रलंबित आहे, आणि आप्पा त्याची चौकशीही करत नाहीत.

तेव्हा तुमच्या तालुक्यातल्या आप्पांनी ‘पन्नास हजारांत, सगळं धरून, पहिलं पिस्तूल कोणतं घेऊ?’ असं विचारलं, तर त्यांना .१७७ चं एअर पिस्तूल आणि जवळच्या रायफल क्लबचा पत्ता द्या. नियमात बसणारं आणि खिशाला झेपणारं तेवढंच आहे.