छोट्या शिकारीचा परवाना

तुमसर तालुक्यातल्या चिखल्याची जमीन पोखरून मॅगनीज काढतात. त्याहून खोल पोखरून शिकारीच्या गोष्टी काढणारे एक गृहस्थ तिथं सकाळपाळी सुटायच्या वेळी टपरीच्या बाकावर बसलेले असतात. खाणीतून निवृत्त, अंगात सहा खिशांचं खाकी जाकीट आणि सहाही खिशांत मिळून एक चुनाळू. गाव त्यांना मामाजी म्हणतं. (खाणीच्या प्रत्येक गावात असा एक असतो म्हणतात. वरिष्ठतेने नेमत असावेत.)

मामाजींच्या शिकारीचं जनावर किती मोठं, हे बाकावर कोण बसलंय त्यावर ठरतं. कॉलेजची पोरं असली की सांबर. पोरांचे बाप असले की ससा, कारण बापांनी मामाजींना चड्डीत पाहिलेलं असतं. आणि जंगलखात्याचा नाकेदार चहाला टेकला की तितर, तोही नेम धरता धरता उडून गेलेला.

नाकेदाराचं भय बाळगण्याला कारण 1972 चा वन्यजीव कायदा. मामाजींच्या साऱ्या शिकारी त्या कायद्याच्या अगोदरच्या. यात अडचण एवढीच, की खाणीच्या सर्व्हिस बुकात त्यांचं जन्मसाल 1961 आहे. एका मास्तरांनी हा हिशेब भर टपरीवर मांडला. अकराव्या वर्षापर्यंत एवढं जंगल रिकामं केलं म्हणता, मग शाळेत कधी जात होता? मामाजी शांतपणे म्हणाले, "जन्मतारीख मास्तरानंच अंदाजे टाकली होती जी."

मास्तर चूप बसले, पण घरी जाऊन त्यांनी कायदाच वाचून काढला आणि नकळत मामाजींवर मोठे उपकार केले. मूळ कायद्यात छोट्या शिकारीच्या परवान्याची सोय होती. चौथ्या परिशिष्टात ससे, तितर, लावे, एवढंच काय, पाच पट्ट्यांची खारसुद्धा होती. परवान्याची ती कलमं गेली 1991 च्या दुरुस्तीत. ही माहिती कानावर पडताच मामाजींच्या शिकारी एका रात्रीत एकोणीस वर्षांनी लांबल्या. नाकेदार म्हणाला, "मामाजी, परवाना दाखवा ना एकदा." परवाना ज्या ट्रंकेत होता तिला तोवर वाळवी लागून गेली होती. ट्रंक लोखंडी होती, हे मामीजींनी नंतर सांगितलं.

पण माणूस नुसता थापाड्या असता तर मी दोन ओळींत आटोपला असता. मामाजींचं खरं शास्त्र शिकारीच्या पुढचं, म्हणजे जनावर साफ करण्याचं. तिथं ते एक अक्षर खोटं बोलत नाहीत. ससा मागच्या पायांनी उलटा टांगायचा, घोट्यांभोवती गोल चीर द्यायची, मांडीच्या आतून दोन्ही चिरा जोडायच्या आणि कातडं दोन्ही हातांनी खाली ओढायचं. घामेजल्या पोराच्या अंगातलं बनियन निघावं तसं ते उलटं होऊन डोक्यापर्यंत येतं. सशाचा केस मासाला एकदा चिकटला की धुऊन निघत नाही, म्हणून चिरेवर आधी ओला हात फिरवायचा. लाव्याची पिसं उपटत बसायचं नाही, कातडीसकट उतरवायची. तितर मात्र उपटायचा आणि उरलेली लव तणसाच्या जाळावर उडवायची. पोट उघडताना पात्याची धार वर, आतड्याकडे नाही. आणि कलेजीला लागून हिरवी पित्ताची थैली असते, ती बोटानं नव्हे, कलेजीच्या तुकड्यासकट कापून काढायची. "थे फुटली तं सारं मटन कडू. मंग सावजी मसाला टाका का सोन्याचा."

हे ज्ञान आलं वडिलांकडून. ब्रिटिश कंपनीच्या जमान्यात ते साहेबाच्या बंगल्यावर होते. साहेबानं पाडलेली पाखरं सोलणं हे त्यांचं काम. 1962 साली त्या कंपनीच्या जागी मॉईल ही कंपनी आली तेव्हा मामाजी एक वर्षाचे. म्हणजे वडिलांनी साहेबानं मारलेली पाखरं सोलली आणि मुलगा वडिलांच्या गोष्टी सोलतो आहे. आता हे सारं शास्त्र दर रविवारी चिकन सेंटरवर खर्ची पडतं. मामाजी काउंटरवर वाकून "पित्त सांभार, पित्त सांभार" करतात, आणि ते तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत पोरानं कोंबडी तुकडे करून पिशवीत टाकलेली असते.

भाच्यानं एकदा मोबाइलवर अमेरिकेतली खारीची शिकार दाखवली. तिकडं त्याला हंगाम असतो, परवाना असतो, आणि केंटकीत बर्गू नावाच्या रश्शात खार पडत आलेली आहे. शेपटीच्या मुळाशी आडवी चीर, शेपटीवर बूट आणि मागचे पाय धरून एक हिसका. कातडं थेट मानेपर्यंत. मामाजींनी ते चार वेळा बघितलं. हिसक्याला दाद दिली. मग म्हणाले, "तिकडची खार अर्धा किलोची. आपली शंभर ग्रामची. सोलता सोलता मानूस उपाशी मरते."

नेमक्या त्याच आठवड्यात घरच्या माळ्यावर एका खारीनं मामीजींची नवी गादी फोडून कापूस नेला. "अजी शिकारी," मामीजी म्हणाल्या, "सांबर राहू द्या, येवढी खार तं हाकला." मामाजी गुलेल घेऊन शिडीवर चढले. खार बाहेर आली, तुळईवर बसली आणि शेपटी उडवत त्यांच्यावर चिरकली. मामाजी दोन पायऱ्या खाली आले. "रामाची बोटं आहेत पाठीवर," ते म्हणाले, "पाप लागते." मामीजींनी खराटा घेतला.

दुसऱ्या दिवशी बाकावर कॉलेजची पोरं होती, तेव्हा माळ्यावर रानमांजर निघालं. रंगात आलं असतानाच नाकेदाराची मोटरसायकल थांबली.

"काय निघालं म्हणता मामाजी माळ्यावर?"

मूळ कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात, मारले तरी गुन्हा नाही अशांच्या यादीत, कावळे, वटवाघळं आणि उंदीर होते. मास्तरांनी तेही वाचून दाखवलेलं होतं.

"उंदीर जी," मामाजी म्हणाले. "मोठा होता."