विसरवाडीत जपानी चहापाणी

पहिल्या दिवशी पुस्तक घरीच ठेवा. धुळे-सुरत महामार्गावर, कोंडाईबारीचा घाट उतरून ट्रक जिथे दम खातात, तिथल्या एखाद्या टपरीच्या बाकावर बसा आणि मोठ्याने म्हणा, "ओचा ओ फुतात्सु कुदासाइ." चहा, दोन, द्या. क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच. मधला 'ओ' म्हणजे कर्माला लावलेलं शेपूट. इंग्रजीत आधी 'द्या' आणि मग चहा. तिथे अडखळलेल्यांनी इथे छाती काढून बोलावं.

उच्चारांची धास्ती नको. 'ओचा'तला च चहातला, 'फुतात्सु'तला शेवटचा चुलीतला. 'मिझु'तला झ म्हणजे 'जरा'तला ज. मिझु म्हणजे पाणी, पण फक्त गार. तेच पातेलं चुलीवर ठेवलं की आतलं पाणी 'ओयु' होतं. 'गरम मिझु' म्हणाल तर अर्थ कळेल, पण मास्तर लाल शाई काढतील.

आता फसगत. ओचा मागितला की येतो हिरवा चहा, बिनदुधाचा, बिनसाखरेचा. घाटात ट्रक लागलेल्यालाच तो गोड लागेल. कोऱ्या चहाला 'कोचा' म्हणतात. 'कोरा चहा'तला रा आणि ह गाळा, शब्द तयार. (अर्थ मात्र 'लाल चहा'. पाठांतरात अर्थाला कोण विचारतो?)

ताकाची तल्लफ आली तर 'कारुपिसु' मागा. १९१९ पासून विकलं जाणारं हे आंबट-गोड दुधाचं पेय पाणी घालून पितात. नावात 'कॅल्शियम'चा कॅल आहे आणि संस्कृत 'सर्पिस्'चा पिस. सर्पिस् म्हणजे तूप. तरी पेल्यावर तुपाचा तवंग शोधू नका.

बिअरला 'बीरु'. एक बाटली 'इप्पोन', दोन 'निहोन'. निहोन म्हणजे जपानसुद्धा, तेव्हा दुसऱ्या बाटलीनंतर नेमकं काय मागितलं ते आठवत नाही. पेला उचलताना म्हणायचं 'कानपाइ', शब्दशः 'कोरडा पेला'. इथून नवापूर ओलांडलं की पलीकडे गुजरातेत १९६० पासून पेला कायद्यानेच कोरडा.

कपांची मोजणी वेगळी: इप्पाइ, निहाइ, साम्बाइ. बाटलीचं 'साम्बोन' कपाला लावू नये. नवशिक्याने हितोत्सु, फुतात्सुवर भागवावं, वेटर समजून घेतो.

आता टपरीवाला "काय व्हयनं भो?" विचारेल. घाबरू नका. आपल्या दुधाच्या मसाला चहाला जपानीत 'चाइ'च म्हणतात. एवढं शिकून झाल्यावर हे सांगितल्याबद्दल क्षमस्व. "चाइ ओ फुतात्सु कुदासाइ" म्हणा. 'चाइ' त्याला कळतं, बाकीचं तुमच्या दोन बोटांवरून. साखर कमी हवी असेल तर तेवढं मराठीतच सांगा. जपानीत ते पाचव्या धड्यात येतं आणि तोवर पातेल्यात साखर पडून उकळी आलेली असते.