चॉकलेट : एक रब्बी पीक

परभणीच्या माणसाला जर्मनीचं कौतुक सांगू नये. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आमच्याकडं पाळण्यातलं पोरही म्हणतं. कशात, ते कुणी विचारत नाही. त्यामुळं क्रॉफर्ड मार्केटात नोकरी करणारा माझा भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, जर्मनीचं चॉकलेट आलंय, दुकानात ठेवा," तेव्हा मला त्यात धंद्यापेक्षा सोयरीकच जास्त दिसली. दहा पेट्या मागवल्या. 2018 च्या डिसेंबरात एका पहाटे त्या देवगिरी एक्स्प्रेसनं उतरल्या, तेव्हा स्टेशनबाहेर शेकोट्या पेटल्या होत्या आणि पेटी हलवली की आतले बोटभर लांबीचे बार खुळखुळ्यासारखे वाजत होते.

पहिली अडचण आली ती व्याकरणाची. आमच्याकडं 'चॉकलेट' म्हणजे रुपयाची गोळी. संत्र्याची असो, लिंबाची असो की रावळगावची. खऱ्या चॉकलेटला 'कॅडबरी' म्हणतात, मग ते कुणाचंही असो. ती कंपनीसुद्धा 1948 साली इथं आली ती बाहेरून चॉकलेट आणून विकायलाच. पुढं कारखाने काढता काढता विशेषनामाचं सामान्यनाम होऊन बसलं. तेव्हा गिऱ्हाईक यायचं ते असं :

"जर्मनीची कॅडबरी आलीय म्हणं?"

"आलीय की. चाळीस रुपये."

"येवढुशी? चाळीस?"

मी सांगायचो, सीमाशुल्कच 30 टक्के, त्यावर 18 टक्के जीएसटी.

"म्हंजे निम्मं सरकारच खातंय. मग आमी काय कागद चाटावा?"

तरीही माल खपला. थंडी, लग्नसराई, वर जर्मनीचं नाव. तुराबूल हक दर्ग्याच्या उरुसापर्यंत सहा पेट्या संपल्या. मी पाहुण्यांत 'इम्पोर्टचा धंदा' असा शब्द वापरू लागलो. बायकोनं फक्त वेष्टनावरचं आयातदाराचं स्टिकर वाचलं. त्यावर हिरवा ठिपका होता, किंमत होती, मुंबईचा पत्ता होता आणि एक सूचना होती : थंड व कोरड्या जागी ठेवा.

"कोरडी जागा म्हणाल तर अख्खा जिल्हा आहे," ती म्हणाली. "थंडचं काय करता?"

होळी झाली आणि उत्तर मिळालं. कोकोच्या लोण्याची गंमत अशी, की ते 34 अंशांच्या आसपास वितळतं. माणसाच्या तोंडाची ऊब त्याहून दोन-तीन अंश जास्त. जिभेवर ठेवताच विरघळतं म्हणून जे कौतुक होतं, ते एवढ्यामुळं. आता परभणीत मे महिन्यात पारा त्रेचाळिसाच्या घरात जातो. म्हणजे अख्खं गाव हेच एक तोंड. चॉकलेट कपाटात असतानाच खाल्ल्यासारखं होतं.

चार पेट्या घरच्या फ्रिजमध्ये कोंबल्या. तिथं आधीच शेपूची जुडी, लसणाची चटणी आणि झाकण नसलेलं दही नांदत होतं. चॉकलेट शेजाऱ्यांचा वास फार लवकर उचलतं. आठवड्यानं चाखून बघितलं, तर सुरुवात जर्मनीची आणि शेवट शेपूचा. त्यात दुपारची लाईट जायची. वितळलं, गोठलं, परत वितळलं. अशा हालात चॉकलेटमधली चरबी वर येऊन पांढरट थर धरते. खायला अपाय नसतो, पण दिसतं केसं पिकल्यासारखं. एका मावशींनी बार परत आणून काउंटरवर आपटला. "बुरशी धरलीय." मी चरबी, स्फटिक, तापमान असं सगळं शास्त्र सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चाळीस रुपये परत घेतले.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर अमेरिकन लष्करानं हर्शी कंपनीकडून उन्हात न वितळणारं चॉकलेट बनवून घेतलं होतं. अट अशी, की चवीला उकडलेल्या बटाट्यापेक्षा जरासंच बरं असावं. नाहीतर शिपाई वेळेआधीच फस्त करतील. परभणीत ते चाललं असतं. उपवासालाही चाललं असतं. आमच्या कृषी विद्यापीठानं ज्वारीचे 'परभणी मोती', 'परभणी शक्ती' असे वाण काढले. एखादं 'परभणी निगरगट्ट' चॉकलेट काढलं, तर पहिली पेटी मी उचलीन.

तोवर मी माझ्यापुरता निकाल लावून टाकला : चॉकलेट हे रब्बीचं पीक आहे. दिवाळीनंतर भरायचं, उरुसाला काढायचं, शिमग्याला रान मोकळं. उन्हाळी घ्यायला जाल तर जळणार.

राहिलेला माल मे महिन्यात दहा रुपयांना काढला. गल्लीतल्या पोरांनी त्यावर स्वतःच युक्ती शोधली. पेप्सीच्या कांडीसारखा वेष्टनाचा कोपरा दातानं तोडायचा आणि खालून दाबत दाबत वर ओढायचं. टूथपेस्टसारखी तपकिरी वेटोळी निघायची. हनुवट्या, सदरे, माझा काउंटर, सगळं जर्मन झालं. आठ दिवसांत तीन पेट्या गेल्या. शेवटची एक कुठंतरी मागं राहिली, ती दिवाळीची साफसफाई करताना सापडली. स्टिकरवरच्या मुदतीला अजून महिना बाकी होता. थंडी पडू लागली होती. मी त्यातला एक बार त्या पोरांतल्या एकाला फुकट दिला.

त्यानं कोपरा तोडला, खालून दाबलं, परत दाबलं आणि बार माझ्या हातात ठेवला.

"काका, दुसरी द्या. ही खराब झालीय. दगड झालाय हिचा."