घाटावरचं बोट

आपल्याकडे पायांचा केवढा मान! पादुका पालखीत बसतात, चरणतीर्थ डोळ्यांना लागतं, वडीलधारं माणूस दिसलं की लहानथोर वाकतात. एवढं करून पायाकडे बघत मात्र कुणी नाही. नमस्कार करणाऱ्याचे डोळे मिटलेले असतात आणि घेणाऱ्याची नजर पुढच्या माणसावर असते. म्हणूनच माझ्या उजव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट वाकडं झालंय, ही बातमी देऊळघाटात फुटायला बराच काळ गेला. ती फोडली माझ्याच एका विद्यार्थ्यानं. शाळेत असताना याचं लक्ष फळा सोडून सगळीकडे असायचं. दिवाळीला पाया पडायला वाकला, तो वर येईचना. मला वाटलं, कंबर धरली. तेवढ्यात खालूनच आवाज आला, "बाई, हे बोट असं कुबडं काहून झालं वो?"

संध्याकाळपर्यंत बातमी पैनगंगा ओलांडून गेली.

प्रकार असा असतो. अंगठ्यात हाडं दोन, बाकीच्या बोटांत तीन-तीन. बोट वाकवणाऱ्या आणि सरळ ठेवणाऱ्या स्नायूंची रस्सीखेच बिघडली की मधला सांधा वर उचलला जातो आणि बोटाचं टोक खाली खुपसतं. आम्हा बुलढाणेकरांना हे कळायला चित्र लागत नाही. आमचा जिल्हाच मुळी दोन भागांत आहे, घाटावरचा आणि घाटाखालचा. माझ्या बोटाचं मधलं पेर घाटावर, नख घाटाखाली. घाटावर चपलेचा पट्टा घासतो, तिथे भोवरी. घाटाखाली टोक जमिनीवर आपटतं, तिथे घट्टा. आणि दोन्हीकडच्या लोकांची तक्रार एकच, की आमच्याकडे कुणाचं लक्ष नाही.

त्यानंतर घरी येणारं प्रत्येक माणूस आधी बोट बघायचं, मग माझ्याकडे. शेजारच्या खाला म्हणाल्या, "बाई, कायकू दुर्लक्ष करे?" आणि बिब्ब्याचा चटका सुचवला. जाऊबाईंनी नवस सुचवला: बोट सरळ झालं तर घाट उतरून, खामगावमार्गे शेगावला पायी. ज्या बोटानं अंगणातली तुळस लांब वाटायला लागली होती, त्याच्या भरवशावर ही वारी. आमचे हे दाढीचं पातं घेऊन तयारच होते. "वरची साल काढली की झालं," म्हणाले. यांना आंबा सोलता येत नाही.

सासूबाईंनी मात्र निदान केलं. "हे बोट आंगठ्यापेक्षा लांब हाय. मी बघायला आल्ते तवाच पाह्यलं होतं."

अंगठ्याशेजारचं बोट लांब असलं की बायको नवऱ्याला धाकात ठेवते, हे शास्त्र आमच्याकडे घरोघरी पाठ आहे. बघण्याच्या कार्यक्रमात मुलीला उगाच चालायला लावत नाहीत. सासूबाईंनी हे बोट पाहूनही मला पसंत केलं, कारण त्यांचा मुलगा कुणाच्या तरी धाकात राहणं गरजेचं होतं, असं त्याच सांगतात. गंमत म्हणजे पुढे डॉक्टरांनीही लांब बोटावरच बोट ठेवलं. लांब बोट चपलेत सगळ्यात आधी पुढच्या भिंतीला टेकतं. जागा नसली की मुकाट्यानं वाकतं आणि वर्षानुवर्षं वाकून राहिलं की तसंच घट्ट होतं. म्हणजे बायकांनी शतकानुशतकं पाहिलं ते बरोबर बोट, निष्कर्ष तेवढा भलता. न्यूयॉर्कच्या बंदरात उभ्या असलेल्या स्वातंत्र्यदेवतेच्या पायाचंही दुसरं बोट असंच लांब आहे. ती 1886 पासून एकटीच उभी आहे, यावरून सासूबाईंनी जो काढायचा तो अर्थ काढला.

बुलढाण्याच्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा मी बिब्ब्यापासून पात्यापर्यंतची यादी सांगितली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न बोटाबद्दल विचारलाच नाही. "साखर आहे का?" म्हणाले. मला वाटलं, चहाचं विचारताहेत.

त्यांचं कारण मला फार पटलं, म्हणून जरा थांबून सांगते. मधुमेहात पायाच्या नसा मंदावतात. बोटंही वाकडी होतात आणि दुखणंही कळत नाही. अशा पायावर बिब्बा लावा, पातं चालवा किंवा दुकानातली कॉर्न कॅप चिकटवा. तिच्यातलं सॅलिसिलिक ॲसिड भोवरीबरोबर धड कातडीही खातं, जखम होते आणि माणूस निवांत झोपलेलं असतं. दुखत नाही हीच खरी आपत्ती. हे जगाला पटवलं ते वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी, कुष्ठरुग्णांचे हातपाय तपासता तपासता. ती बोटं रोगानं थेट झडत नव्हती. वेदना गेल्यामुळे रोजच्या घासण्या-भाजण्यानं झिजत होती. ज्या विदर्भात अमरावतीचं तपोवन आणि वरोऱ्याचं आनंदवन उभं राहिलं, तिथल्या माणसाला हे नवं वाटू नये. कुष्ठरोग्यांसाठी वापरात आलेली एमसीआर रबराची मऊ चप्पल आज साखरवाल्यांच्या पायांनाही सांभाळते. डॉक्टरांनी नायलॉनचा जाडसर धागा तळव्याला टोचून पाहिला, प्रत्येक वेळी मी "हो" म्हटलं, रक्तही तपासलं. साखर निघाली नाही. आमच्या ह्यांचं वजन बघून डॉक्टर म्हणाले, "आता तुम्ही पाय वर घ्या." त्या दिवशी पातं कायमचं दाढीपुरतं उरलं.

मग त्यांनी बोट हातात घेतलं. अशा बोटाचं सगळं भवितव्य एका गोष्टीवर ठरतं: हातानं दाबलं तर ते सरळ होतं का? झालं, तर ते लवचीक. त्याला चप्पल, पट्टी आणि व्यायाम यांवर काढता येतं. नाही झालं, तर ताठर. मग लाड करून ते सुखात राहील, पण सरळ होणार नाही. माझं अर्धं झालं. आमच्या घरातलं कुठलंही काम होतं तितकं.

"आधी बिनकापाचे उपाय," डॉक्टर म्हणाले. पहिला उपाय म्हणजे पादत्राणांची परीक्षा. कागदावर उभं राहायचं, पावलाभोवती पेन्सिल फिरवायची आणि त्या आकृतीवर आपली चप्पल ठेवायची. पाऊल चपलेबाहेर दिसलं की चप्पल नापास. माझ्यातली मास्तरीण जागी झाली. जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठी काढल्या आणि अख्ख्या घराची परीक्षा घेतली. सुनेच्या लग्नातल्या टोकदार सँडल्स, नातवाचे शाळेचे बूट, ह्यांचे कार्यालयीन बूट, सगळे नापास. पास झाली एकटी सासूबाईंची चप्पल, कारण ती त्यांनी वापरलेलीच नव्हती. घरात पायात काही घालायचं नाही हा त्यांचा नियम, आणि वयामुळे आता त्या घराबाहेर पडत नाहीत. त्यांची दहाही बोटं सरळ.

दुसरा उपाय व्यायामाचा. जमिनीवर टॉवेल पसरून बोटांनी गोळा करायचा आणि पायाच्या बोटांनी गोट्या उचलून वाटीत टाकायच्या. गोट्यांसाठी बाजारात जावं लागलं नाही. उभ्या नोकरीत पोरांकडून जप्त केलेल्या गोट्यांची बरणी माळ्यावर होती. 'वर्ष संपल्यावर परत मिळतील' असं सांगून घेतलेल्या त्या गोट्या मी आता पायानं उचलत बसायचे. खिडकीतून त्या विद्यार्थ्यानंच पाहिलं. "बाई, ती हिरवी माही हाय," म्हणाला. पोटावर शर्टाची बटणं लागत नाहीत, तीन लेकरांचा बाप, आणि गोटी ओळखली!

भोवरीवर सिलिकॉनची टोपी आली, बोट शेजारच्या बोटाच्या आधारानं पट्टीत गुंडाळलं गेलं, पुढून रुंद चप्पल आली. दुखणं खरंच उतरलं, पण काही काळच. मग मधला सांधा पुरता अडला आणि एका लग्नात तर जेवणाची पंगत उठेपर्यंत मी भिंतीला टेकून एका पायावर उभी. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आता वायर टाकू."

लवचीक बोटाला पुष्कळदा खालच्या बाजूची स्नायूची दोरी बारीक छेदातून सैल केली तरी भागतं. ताठर बोटाचं मात्र सुतारकाम असतं. अडलेल्या सांध्यातला हाडाचा तुकडा काढतात किंवा दोन हाडं एकमेकांना जोडून टाकतात, आणि ती जुळून येईपर्यंत बोटाच्या टोकातून आत एक बारीक तार घालतात. ही तार मार्टिन किर्शनर या जर्मन शल्यवैद्यानं 1909 मध्ये आणली. ती साधारण चार ते सहा आठवडे तशीच राहते, टोक बोटाबाहेर. भूल फक्त पावलापुरती. हे सगळं ऐकून मी एका पायावर तयार झाले. दुसरा पर्याय नव्हताच.

अडचण आली वेगळीच. त्या बोटात जोडवं होतं. सांधा फुगल्यापासून ते निघायचं नाव घेत नव्हतं, आणि धातू अंगावर ठेवून शस्त्रक्रियेला घेत नाहीत. तेव्हा शल्यवैद्याआधी सोनार लागला. सासूबाई आडव्या आल्या. सौभाग्याचं लेणं, कापायचं म्हणजे काय? "अवो, मी आहे ना इथे जिवंत," हे म्हणाले. "तू गप बस," म्हणून त्यांनी ह्यांना गप्प केलं. तेव्हा लांब बोट नक्की कुणाचं, हा मला प्रश्न पडला. सोनारानं इवल्या करवतीनं चांदी कापली, तोवर सासूबाई तोंड फिरवून जप करत होत्या. तोडगाही त्यांनीच काढला: नवं जोडवं मधल्या बोटात. मी जिल्हा परिषदेत आयुष्य काढलेलं. पद रिकामं असलं की शेजारच्याकडे अतिरिक्त कार्यभार, हे मला लगेच पटलं.

शस्त्रक्रिया बोलता बोलता झाली. मी खरंच बोलत होते. डॉक्टरांच्या मदतनीस मुलीला शुद्धलेखनाचे नियम सांगत होते. त्रास पुढचाच. पाय उशीवर, टाचेवर भार देणारा पुढून उघडा बूट, आणि बोटाच्या टोकाला तारेवर प्लास्टिकचं बोंडुक. भेटायला येणाऱ्यांची रीघ. प्रत्येकाला वाटे, ती तार चुकून राहिली आहे. खालांनी दोनदा काढायचा प्रयत्न केला, प्रेमानं. नातवानं तिला मोबाइलचा चार्जर लागतो का, हे विचारून घेतलं. टाके निघाले, नंतर तारही निघाली. बाह्यरुग्ण विभागात, डॉक्टर दुसऱ्याच कुणाशी बोलत असताना, एका झटक्यात.

सूज मात्र महिनोन्महिने राहते, हे आधी सांगतात आणि आपण ऐकत नाही. बोट आता सरळ आहे. इतकं सरळ, की मधे वाकतच नाही. हाडं जोडल्यावर ते वाकायचं नसतंच. रबरी सपाता बोटांनी धरून चालायची सोय गेली. चप्पल घ्यायला मी आता संध्याकाळी जाते, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो, आणि कॅलेंडरच्या पाठीवरची आकृती सोबत नेते. दुकानदार म्हणतो, "घ्या बाई, वापरल्यावर सैल होते." मी कागद काढते. तो दुसरी पेटी उघडतो.

सूज उतरल्यावर सासूबाईंना विचारलं, जोडवं परत मूळ बोटात घालू का? त्यांनी वाकून दोन्ही बोटं नीट पाहिली. मधल्यानं काम चांगलं सांभाळलंय, म्हणाल्या, राहू दे त्याच्याकडेच. मूळ बोट तेव्हापासून पदस्थापनेच्या प्रतीक्षेत आहे, पूर्ण पगारावर.