दोन सेकंद थांबा!

डोंबिवलीचा आमचा आतेभाऊ आषाढात वीर स्टेशनवर उतरतो आणि दासगावात आमच्या घरात आधी ट्रायपॉडचे तीन पाय शिरतात, मग त्याचे दोन. टेकायच्या आत विचारतो, "मामी, झरा कसाय?" एवढ्या काळजीनं त्यानं मामीच्या गुडघ्यांची चौकशी कधी केलेली नाही.

झरा म्हणजे घरामागच्या डोंगराच्या कुशीत कातळाच्या भेगेतून येणारं पाणी. खाली पुरुषभर उंचीवरून ते कुंडीत पडतं. त्याला धबधबा म्हणणारा गावात हा एकटाच.

फोटो काढण्याची त्याची रीत सत्यनारायणासारखी. आधी चौरंग, म्हणजे ट्रायपॉड. मग भिंगाला काळी काच. या काचेनं उजेड अडतो, दोन सेकंद शटर उघडं ठेवता येतं, त्याच्या भाषेत लाँग एक्सपोजर, आणि धावतं पाणी रेशमासारखं उमटतं. आईच्या मते नासलेल्या दुधासारखं. कॅमेऱ्यावर छत्री धरायला मी. त्याच्यावर पाऊस, माझ्यावरही पाऊस, कॅमेरा कोरडा.

तेवढ्यात वरच्या आळीतल्या काकी हंडा घेऊन आल्या.

"काकी, दोन सेकंद थांबा!"

काकी थांबल्या. शटर वाजलं. भिंगावर थेंब पडला होता. पुसला. पुन्हा दोन सेकंद. मग तेरड्याचं फूल हललं. काकी म्हणाल्या, "अरे बाबा, चुलीवर भात ठेवलाय. तुझी दोन सेकंदं संपेस्तोवर करपंल तो."

"हंडा पितळी असता ना, तर तुम्हालाच घेतलं असतं फोटोत," हा म्हणाला. हंडा निळा, प्लास्टिकचा होता. काकींनी दिलेलं उत्तर इथं छापता येणार नाही.

पाणी गढूळ आलं की हा हळहळतो. फोटो चहासारखा येतो म्हणतो. गढूळ पाणी आम्हीही बघतो. 2005 च्या जुलैत इथं दरड कोसळली, तेव्हापासून नितळ झरा अचानक लाल झाला, की म्हातारी माणसं झऱ्याकडे नाही, वर डोंगराकडे बघतात. हे त्याला एकदा सांगितलं. तो गप्प झाला, कॅमेऱ्याची पिशवी बंद केली आणि त्या दिवशी खरंच खाली आला. तेवढं त्याला कळतं.

एप्रिलात मात्र तो फिरकत नाही. तेव्हा त्याच भेगेतून करंगळीएवढी धार येते आणि हंडा भरेपर्यंत काकी शेजारी बसून राहतात. तो लाँग एक्सपोजर त्यानं अजून घेतलेला नाही.

यंदा त्याच्या डोळ्यांत सलला तो काळा पाइप. कुंडीतून आमच्या आळीला पाणी आणणारा. "सगळी फ्रेम नासवतोय," म्हणत त्यानं पाइपच्या तोंडावर सागाचं पान लावलं, वर दोन दगड ठेवले, शेवाळ पसरलं. फोटो झकास आला. चाळीस वेळा काढल्यावर येणारच.

संध्याकाळी चिखलानं माखलेला हा न्हाणीत शिरला, अंगाला साबण फासला आणि ओरडला, "मामी, नळाला पाणी नाही!"

बाहेर आळीतल्या चारपाच बायका रिकाम्या कळश्या घेऊन हेच सांगायला आल्या होत्या. आईनं सगळ्यांकडे पाहिलं, मग न्हाणीच्या दाराकडे.

"सागाचं पान काढून ये. आत्ताच्या आत्ता."

टॉवेल गुंडाळून, अंगावर साबण तसाच ठेवून तो अंधारात निघाला. बॅटरी घ्यायची विसरला. ट्रायपॉड खांद्यावर होता.